नवरीने पान्हा आणायचा नाही

सोमवार, ता. ११
पेट्रोल पंपामागच्या बाकावरून

चष्मा घेतलाय. एक नाकावर आहे, दुसरा डॅशबोर्डच्या खणात आहे आणि गोळ्यांचा डबा पायाशी आहे. गाडी चाळीसच्या वर नेलेली नाही. आता तू म्हणशील, मी कुठे काय विचारलं? नाहीच विचारलंस. शनिवारपासून फोन उचलत नाहीस तर विचारणार कसलं, कपाळ? अकरा वेळा लावला मी. शेवटी म्हटलं, मरू दे तो फोन. पंपावर वही मिळाली, पेन मिळालं, लिहिते. चौथी शिकलेय, तेवढी पुरते. तू हेडमास्तर झालास म्हणून लाल पेन घेऊन बसू नकोस.

मुद्द्याचं बोलते. मी पळून गेलेली नाही. मिठाच्या बरणीखाली चिठ्ठी ठेवलीय, सूनबाईला विचार. शुक्रवारी अकरा वाजता नोंदणी कार्यालयात लग्न आहे. शाळेत कुणी विचारलं तर तू सांगशील, आई कुणाच्या तरी लग्नाला गेलीय. म्हणून लिहूनच देते. लग्न माझं आहे. नवरी मी, वय सदुसष्ट. नवरा तो रंगारी, वय एकोणसत्तर. तुझ्या शाळेच्या भिंती त्याने दोनदा रंगवल्या, आणि तूच म्हणालास की माणूस रेषेत काम करतो. तेव्हा चांगला होता, आता वाईट झाला. असू दे.

तुझे बाबा जाऊन बारा वर्षं झाली. बारा वर्षं टायरचं दुकान मी एकटीने चालवलं आणि या व्हॅनचं इंजिन दोनदा माझ्या हाताने उघडून बसवलं. रंगारी आता काम आवरून समुद्राकाठी बहिणीच्या रिकाम्या पडलेल्या घरी राहायला गेलाय. माझ्या वेगाने चार दिवसांची वाट. बसने या, म्हणाला. मी म्हटलं, माझ्या लग्नाला मी दुसऱ्याच्या गाडीतून यायची नाही.

साक्षीदार तीन लागतात. रंगाऱ्याच्या गल्लीतलं कुणीही उभं राहील, शेजारचा किराणावाला तर नवा शर्ट शिवून बसलाय. पण मग तूच म्हणशील, परक्यांनी सह्या ठोकल्या. म्हणून तिघंही माझ्या बाजूची हवीत. मला वर्षानुवर्षं बघितलेली. हिचं डोकं ठिकाणावर आहे का, असं ज्यांना विचारता येईल अशी. तिघं जण या वाटेवरच राहतात. एकेकाला गोळा करत जाणार.

रंगाऱ्याची अट एकच. "नवरीने पान्हा आणायचा नाही," म्हणाला. "नाहीतर ऐन वेळी तुम्ही कुणाच्या तरी गाडीखाली शिरलेल्या असाल." मी म्हटलं, मग नवऱ्याने ब्रश आणायचा नाही. कबूल. पेटी, जॅक, पान्हे, सगळं दुकानात ठेवून आलेय. शब्द म्हणजे शब्द.

हो, दुकानात. तू चावी काढून घेतलीस ती एक. दुसरी पहिल्यापासून माझ्याकडे आहे.

चहा संपला. निघते.

तुझी आई


मंगळवार, ता. १२
सिस्टरच्या स्वयंपाकघरातून

तुला फोन करता येतो तर. मला नाही केलास, सिस्टरला केलास.

सिस्टर म्हणजे दुकानासमोरच्या दवाखान्यात होती ती, निवृत्त होऊन आता इकडे राहते. ती इंजेक्शन घेऊन आली की तू टायरच्या ढिगात लपायचास आणि मी तुला पायाला धरून बाहेर ओढायचे. काल दुपारी तिच्या दारात गाडी लावली, तर ही बाई पाणी द्यायच्या आधी बीपीचं मशीन घेऊन उभी.

"बस. हात दे."

"अगं, आधी घोटभर पाणी दे."

"आज वार कोणता?"

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. "सोमवार. आणि तुझं दूध उतू चाललंय."

खरंच चाललं होतं. ती धावली. परत आली ती पुन्हा तेच. "शंभरातून सात वजा करत जा."

"त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट..."

"थांब, थांब. मला बघू दे बरोबर आहे का," म्हणाली आणि बोटं मोजत बसली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सिस्टरला खोटं बोलता येत नाही. साठ हजार लोकांना तिने "दुखणार नाही" म्हणून सांगितलं असेल, तेवढंच एक खोटं तिला जमतं.

"त्याचा फोन आला होता?"

"आला होता," म्हणाली. "आईच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणाला. दोन दिवस ठेवून घ्या, सुट्टी मिळाली की मी येतो. गाडीची किल्ली काढून घ्या म्हणाला."

"मग घे काढून."

"घेतली. तू पाय धुवायला गेलीस तेव्हाच. डाळीच्या डब्यात आहे."

मला राग आला की मी आवाज चढवते हे तुला ठाऊक आहे. काल चढवला नाही. ताटावर बसले, दोन अंडी खाल्ली, तिची खिडकी लागत नव्हती ती बिजागरीत तेल घालून लावून दिली आणि झोपले. पान्हा लागला नाही, तेलावर भागलं.

आज सकाळी तिने पुन्हा माझं बीपी घेतलं. मग स्वतःचं घेतलं.

"तुझं एकशेवीस. माझं एकशेसाठ," म्हणाली. "मी कोणाच्या किल्ल्या काढून घेतेय?"

आणि माझ्यासमोर तिने तुला फोन लावला. तिचा उचललास. ती म्हणाली, "मास्तर, तुमच्या आईला मी दोन वेळा तपासलं. तिला लग्न झालंय, म्हणजे होणार आहे. दुसरं काही झालेलं नाही." तू फोन ठेवलास. ठेवलास ना? तिला फार लागलं. तुला तिने गोवरात सात दिवस सांभाळलंय.

आता ती बॅग भरतेय. चार दिवसांसाठी सहा चादरी घेतल्यात बाईने. डाळीतली किल्ली मी स्वतः काढली.

पहिली सही पक्की.

तुझी आई


बुधवार, ता. १३
हॉर्नभाऊच्या अंगणातून

हे पत्र पोस्टाने येणार नाही. हॉर्नभाऊच्या ओळखीचा एक ट्रक आत्ता तुमच्या बाजूला निघालाय, ड्रायव्हर संध्याकाळी तुझ्या दारात देईल. घाई आहे म्हणून. मागची दोन फाडली नसशील तर नको फाडू, हे मात्र फाड आणि वाच.

काल दुपारी पंक्चर झालं. हस खुशाल. सिस्टर तर रस्त्याच्या कडेला बसून पोट धरून हसत होती.

"जॅक कुठाय?"

"दुकानात."

"पान्हा?"

"दुकानात."

"आणि चाळीस वर्षांची टायरवाली?"

"रस्त्यात."

स्टेपनी होती, हवा भरलेली होती. काढायला हातात काही नव्हतं. शब्द पाळायच्या नादात मी गाडीतला जॅकसुद्धा उचलून ठेवून आले होते. लग्नाला निघालेल्या बाईला पान्हा लागणार नाही, पण व्हॅनला लागेल, एवढं माझ्या लक्षात यायला हवं होतं. हा गाढवपणा माझा, लिहून ठेव.

तासाभराने एका दूधवाल्याने पुढच्या फाट्यावरून मेकॅनिक पाठवला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, कानाला फोन चिकटलेला. चाक बदललं, जॅक खाली घेतला, सामान आवरायला लागला.

मी म्हटलं, "अहो, शेवटचा झटका?"

"कसला झटका?"

"चाक वर असताना नट बसवलेत. आता चाक जमिनीला टेकलं, गाडीचं वजन पडलं. आता पुन्हा एकदा चारही नट ताणायचे, समोरासमोरचे. त्याशिवाय चाक बसलं असं म्हणायचं नाही."

"आजी, वीस वर्षं हेच करतोय."

"मी चाळीस. आणा इकडे पान्हा."

चारही नट पाव पाव आटा फिरले. मी त्याला दाखवलं. त्याने फोन खिशात टाकला आणि "चुकलंच," म्हणाला. पान्हा त्याचा होता, तेव्हा शब्द मोडलेला नाही.

पण गाडीत बसल्यावर मी किल्ली फिरवलीच नाही. सिस्टर म्हणाली, काय झालं? मी तिला सांगितलं. तिला सांगितलं आणि तुला नाही, हे बरं नव्हे. म्हणून हे पत्र.

तीन महिन्यांपूर्वीचं ते पांढऱ्या गाडीचं चाक. गिऱ्हाईक दोन किलोमीटरवरून परत आलं, चाक डुगडुगत होतं, नट ढिले होते. कुणाला खरचटलं नाही, पण तू शाळेतून धावत आलास. मी तुला सांगितलं की त्याने स्वतःच घरी नट उघडले असतील. खोटं. ते नट मीच ढिले ठेवले होते. शेवटचा झटका दिलाच नव्हता. तू माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि दुकानाची चावी उचललीस.

तुला का भीती वाटते ते मला कळत नाही असं समजू नकोस. तुझ्या बाबांचं असंच सुरू झालं होतं. आधी नट, मग किल्ल्या, मग घराचा रस्ता. शेवटच्या वर्षी तू त्यांच्यासमोर ताट ठेवलंस आणि ते म्हणाले, "मास्तर, आपण कुणाकडचे?" तू स्वयंपाकघरात आलास आणि नळ सोडून उभा राहिलास. मी बघितलं. तुला आता तो नळ पुन्हा सोडायचा नाही. रंगाऱ्याशी तुझं काही वाकडं नाही. तू घाबरलायस.

मीही घाबरले होते. आठवडाभर रोज सकाळी उठून दुकानातले सगळे पान्हे नंबराने मोजायचे. तुला सांगितलं नाही.

पण एक गोष्ट तुला माहीत नाही. त्या दिवशी मी शेवटचा झटका द्यायला वाकले, तेव्हा रंगारी बाजूला स्टुलावर बसला होता. गावाला जायच्या आधी निरोप घ्यायला आला होता. मी पान्हा लावला आणि तो म्हणाला, "मला एकट्याने जेवायचा कंटाळा आलाय."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय. तुम्ही तिकडे या, नाहीतर मी इकडे येतो. लग्न करून."

मी उठले. आत जाऊन हात धुतले. साबण लावून दोनदा धुतले. बाहेर आले तेव्हा गिऱ्हाईक गाडी घेऊन गेलेलं होतं आणि पान्हा जमिनीवर होता.

हे असं आहे. सदुसष्ट वर्षांच्या बाईने मुलाला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यापेक्षा डोकं गेलंय म्हणवून घेणं मला सोपं वाटलं. आता वाटत नाही.

हॉर्नभाऊंचं थोडक्यात. बाबांचा दोस्त, जन्मभर ट्रक चालवला, आता गुडघे गेलेत. आवाज तेवढा शाबूत आहे. तू त्यांनाही फोन केलास. ते म्हणाले, "वहिनी, मास्तरांचा आला होता. मी म्हटलं, आवाज येत नाही, आवाज येत नाही, आणि ठेवून दिला." त्यांची बायको म्हणाली, "न्या याला. चार दिवस घरात शांतता तरी होईल."

दुसरी सही पक्की. ट्रकवाला हॉर्न वाजवतोय.

तुझी आई


गुरुवार, ता. १४
शिंपीणबाईच्या शिलाई मशीनजवळून

आजचं थोडक्यात लिहिते.

शिंपीणबाई नाही म्हणाली.

भिंतीला भिंत लावून बावीस वर्षं आमची दुकानं होती. तिच्या मशीनचा पट्टा मी ट्यूबच्या रबराचा करून द्यायचे, माझ्या बाह्या ती शिवायची. मला वाटलं होतं, दोघांचं काही का होईना, ही तर नक्कीच. काल संध्याकाळी आम्ही तिघं पोचलो. तिने जेवायला वाढलं. ताटं उचलली. मग म्हणाली, "मी यायची नाही. सही करायची नाही."

"त्याचा फोन आला?"

"आला. पण त्याच्यासाठी नाही म्हणत नाहीये."

"मग?"

"तुझ्या नवऱ्याचं शेवटचं मी बघितलंय. तोपण आम्हाला असाच छातीठोकपणे सांगायचा, मला काही झालेलं नाही. मी त्याचं ऐकलं. त्याला एकट्याला बाजारात पाठवलं. चार तास सापडला नाही. पुन्हा मी कुणाचंही नुसतं ऐकून सही करायची नाही. उद्या तुला काही झालं तर तुझा मुलगा माझ्या दारात येईल. मी त्याला काय सांगू?"

हॉर्नभाऊंनी आवाज चढवला. सिस्टरने बीपीचे आकडे सांगितले. मी म्हटलं, राहू दे. तिला धाक घालून सही घेतली तर ती सही कसली.

नटांचं तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कदाचित आली असती. पण तिच्या तोंडावरची भीती बघितली आणि मला वाटलं, आपण का सारखं सिद्ध करत फिरायचं? आपण काय परीक्षेला बसलोय?

सकाळी उठले तर तिने माझे लग्नाचे कपडे बॅगेतून काढून इस्त्री करून ठेवले होते. बाहीची उसवलेली शिवण पण घातली होती. दोरा तोडता तोडता म्हणाली, "सही नाही. पण चुरगळलेली नवरी माझ्या घरातून जायची नाही."

दोन सह्या आहेत. रंगाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, किराणावाला आहेच. मी म्हटलं, बघू. तो म्हणाला, "बघू म्हणजे? अहो, उद्या लग्न आहे."

मला आज पहिल्यांदा वाटलं की गाडी वळवावी. लिहायचं नव्हतं, पण लिहिलं. वळवली नाही.

तुझी आई


शनिवार, ता. १६
आमच्या घरातून

काल तू साडेदहाला कार्यालयात फोन केलास आणि अकराला दहा कमी असताना ठेवून दिलास. पुढचं तुला ठाऊक नाही. म्हणून हे शेवटचं पत्र. आधी जे तुला ऐकू गेलं तेही लिहिते, कारण तू फक्त ऐकलंस, मी बघितलं.

ते कार्यालय म्हणजे एक लांब खोली. दोन बाक, एक पंखा, फायलींचे गठ्ठे, आणि खिडकीशी टेबल लावून बसलेल्या अधिकारी बाई. चाळिशीच्या. त्यांच्याकडे मान वर करायला वेळ नाही. मला आवडल्या. रंगारी नवा शर्ट घालून आला होता आणि नखातला रंग निघाला नव्हता. किराणावाला दारात उभा होता, लागलो तर आहे म्हणत.

फोन वाजला. बाईंनी ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं. "तुमचे चिरंजीव आहेत. तुमच्या मनाची स्थिती ठीक नाही म्हणतात. मी स्पीकरवर घेते, सगळ्यांसमोर बोलू दे." आणि घेतला.

तुझा आवाज त्या खोलीत आला. काय बोललास ते तुला ठाऊक आहे. चाकाचे नट, खोटं सांगितलं, वडिलांचा इतिहास, चार दिवस एकटी गाडी चालवत गेली. हॉर्नभाऊ ओरडले, "एकटी कुठे, आम्ही काय गोण्या होतो?" बाईंनी पेन आपटून त्यांना गप्प केलं.

"आजी, ते नट ढिले राहिले हे खरं?"

"खरं."

"आणि तुम्ही खोटं सांगितलंत?"

"सांगितलं."

"का?"

रंगारी माझ्या शेजारी उभा होता. त्याला काही माहीत नव्हतं. सिस्टर मला कोपराने ढोसत होती. चाळीस वर्षं ट्रकवाल्यांशी भांडलेली बाई मी, आणि पंख्याची पाती मोजत उभी राहिले.

तेवढ्यात दारातून कुणीतरी म्हणालं, "त्याचं उत्तर माझ्याकडे आहे."

सूनबाई. खांद्यावर प्रवासाची बॅग, केस विस्कटलेले, रात्रभर बसमध्ये बसलेली. तू ज्याला हातही लावला नाहीस ते बुधवारचं पत्र तिने फाडलं आणि वाचलं. माहेरी जाते म्हणून निघाली ती थेट इथे. तिने टेबलापाशी येऊन फोनवर वाकून म्हटलं, "अहो, मी बोलतेय. पत्र तुमच्या टेबलावर उघडून ठेवलंय. वाचलंत का?"

तिकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"नाही ना वाचलंत? मग बाईंना त्याबद्दल काय सांगताय?"

तिथे तू फोन ठेवलास. आता पुढचं.

बाई म्हणाल्या, "पत्रात काय आहे?" सून म्हणाली, "ते आईंनीच सांगावं." म्हणजे पुन्हा माझ्याच गळ्यात. मग मी डोळे खिडकीकडे लावले आणि एका दमात सांगून टाकलं. पान्हा, स्टूल, एकट्याने जेवायचा कंटाळा, साबण. मग बाई मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहायला लागल्या आणि त्यांचे खांदे हलत होते. शिपाई हसत हसत बाहेर गेला.

रंगारी मात्र लाल झाला, कानापर्यंत. "म्हणजे माझ्यामुळे चाक निघालं असतं?" म्हणाला.

"तुमच्यामुळे नाही तर काय नटामुळे?"

"मग मी नंतर बोललो असतो ना. दहा मिनिटांनी."

"दहा मिनिटांनी तुम्ही बोललाच नसता. मी ओळखते तुम्हाला."

बाईंनी कागद पुढे सरकवला. "आजी, हे जर डोकं गेल्याचं लक्षण असेल तर अर्धं गाव आत टाकायला लागेल. साक्षीदार तीन. दोन दिसतायत."

किराणावाला पुढे झाला. सूनबाईने बॅग खाली ठेवली आणि त्याच्या आधी पेन उचललं. मी तिचा हात धरला. म्हटलं, "तुला घरी जायचंय. सही करून घरी जाणं सोपं नाही. उगाच माझ्यापायी करू नकोस."

ती म्हणाली, "आई, एकोणीस वर्षं तुमच्याबरोबर एका स्वयंपाकघरात आहे. तुमचं डोकं कसं चालतं ते माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? मला कितीदा वीट आलाय त्याचा." आणि तिने पूर्ण नाव लिहून सही केली. अक्षर तुझ्यापेक्षा चांगलं आहे तिचं.

सिस्टरने सही करताना चष्मा पुसला तीनदा. हॉर्नभाऊंनी इतकी मोठी सही केली की बाई म्हणाल्या, "आजोबा, दुसऱ्यांनाही जागा ठेवा." अकरा वाजून वीस मिनिटांनी शिक्का बसला. मी शिक्क्याचा आवाज ऐकला आणि मला असं वाटलं की गाडीखालून बाहेर येऊन पाठ सरळ केली. दुसरं कसं सांगू.

मग हॉर्नभाऊंनी व्हॅन चालवायला घेतली, गुडघे विसरून. कार्यालयापासून घरापर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही. बाजारातले लोक दुकानाबाहेर येऊन बघत होते. सिस्टर खिडकीतून हात हलवत होती, जणू तीच नवरी. मी मागे दोघांच्या मध्ये बसले होते, एका बाजूला रंगारी, एका बाजूला सून, आणि मी किती दिवसांनी इतकी मोठ्याने हसले ते मला आठवत नाही. हे 'आठवत नाही' एखाद्या डॉक्टरला नेऊन दाखवू नकोस.

शिंपीणबाईला फोन करून सगळं सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, "बाही ताणली तर नाही ना?"

सून सोमवारच्या बसने येईल. तीच म्हणाली, "हे सगळं लिहा. मी सांगणारच आहे, पण तुमच्या अक्षरात आलं की ते हळू वाचतील." तेव्हा हळू वाच. आली की तिच्यावर आवाज चढवू नकोस. चढवलास तर व्हॅन तयार आहे, वाट आता पाठ झालीय आणि जॅक या वेळी गाडीत असेल.

तू ये असं मी म्हणणार नाही. तुझे पाय तुझे आहेत. आलास तर खोली आहे, रंगारी त्या खोलीला कालपासून रंग लावतोय. अट मोडली म्हणून मी ओरडले तर म्हणाला, लग्न झालं, अट संपली.

आता तू विचारशील की काल दुपारभर मी आणि सून समुद्रावर बसून काय बोलत होतो. तुझ्याबद्दलच बोलत होतो. चांगलं किती आणि वाईट किती, तेही विचारशील. तिलाही विचारशील, ती सांगणार नाही. मीही सांगणार नाही. पुढे एक अक्षर लिहायचं नाही म्हणजे नाही.